‘ळ’ नसलेली पोळी

बेकरीच्या काचेच्या कपाटावर पुठ्ठ्याची पाटी टांगली होती : ‘दारनी पोरी. ऑर्डरप्रमाणे.’ बरोबर भाचा होता, अकरावीतला. त्याने पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “मावशी, दारातल्या पोरी? त्याही ऑर्डरने?” गल्ल्यावरच्या पारशी बाईंना मराठी चांगलं येत असणार, कारण आमच्याआधी त्याच हसल्या.

ही बेकरी दक्षिण मुंबईतल्या एका अग्यारीच्या मागच्या गल्लीत आहे. वीसेक वर्षं मी तिथे जाते, पण माझी खरेदी ठरलेली. खारी, बटर, नानकटाई. पाहुणे यायचे असले तर मावा केक. शेजारच्या बरणीतला बटासासुद्धा मी कधी मागितला नव्हता. आपल्या साखरेच्या बत्ताशाशी त्याचं नावापलीकडे नातं नाही, ते खुसखुशीत, खारट वळणाचं बिस्किट आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं. बेकरीत माणूस जिभेच्या सवयीने जातो आणि डोळेही त्याच सवयीने फिरवतो. ती पाटी किती वर्षं तिथे होती कोण जाणे.

त्या दिवशी कुणाची तरी ऑर्डर बांधून ठेवलेली होती. बाईंनी एका पुडीची घडी उलगडून दाखवली. आत एक वाटोळा, जाड, बदामी रंगाचा ऐवज होता. आकार बशीएवढा, जाडी दीड बोट, कडेला पापुद्र्यांच्या रेघा आणि वरून तुपाची हलकी चकाकी. केक म्हणावा तर फुगलेला नाही, बिस्किट म्हणावं तर एवढं जाड नसतं, आणि पोळी म्हणायला आमची जीभ धजेना. आत काय असतं, असं विचारलं. “दार,” बाई म्हणाल्या. मग आमचे चेहरे पाहून त्यांनी सोडवून सांगितलं, “तूरडाळ. गोड. तुम्ही पुरण म्हणता ना, तेच.”

आदल्या दिवशी सांगितलं तरच मिळेल, असं कळलं. सांगून आले.

*

घरी येईपर्यंत डोक्यात तेच नाव घोळत होतं आणि जिन्यावरच उलगडा झाला. पारशी गुजरातीत ‘ळ’ नाही. जिथे प्रमाण गुजराती बोलणारा माणूस ‘ळ’ म्हणेल, तिथे पारशी ‘र’ म्हणतो. केळ्यांचं होतं ‘केरां’. केळ्यांवर अंडी फोडून करतात तो पदार्थ ‘केरां पर ईडू’. गूळ-कैरीच्या लोणच्याला गुजरातीत ‘गोळ-केरी’ म्हणतात, पारशी घरात ते ‘गोर-केरी’. वाढदिवसाला आणि सणाला पारशी घरात भात, वरण आणि माशाचा आंबट-तिखट ‘पातिया’ असा बेत असतो. त्यातलं साधं, बिनमसाल्याचं वरण म्हणजे ‘मोरी दार’. गुजरातीत ‘मोळी’ म्हणजे अळणी, सौम्य, आणि ‘दाळ’ म्हणजे डाळ. ‘मोळी दाळ’ची झाली ‘मोरी दार’.

आता हाच नियम पाटीला लावा. दार म्हणजे दाळ. पोरी म्हणजे पोळी. दारनी पोरी म्हणजे डाळीची पोळी! शब्दशः, अक्षरशः. बदललं ते एकच अक्षर, दोनदा.

‘ळ’चा आपल्याला भारी अभिमान. तो दुसऱ्याला म्हणता येत नाही, याचा आनंद त्याहून मोठा. पण मुंबईच्या आसपासच आगरी-कोळी बोलीत डोळ्याचा ‘डोला’ होतो, आणि त्यांचं मराठीपण आपण काढून घेत नाही. किनाऱ्यावरून वर सरकत गेलं की ‘ळ’ कुठे ‘ल’ होतो, कुठे ‘र’. पोळी तीच राहते.

*

शनिवारी पोरी घरी आली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. होळीचं पुरण तिने पन्नासहून अधिक वेळा शिजवलेलं आहे. पुडी सोडून तिच्यापुढे ठेवली तर तिने आधी ती हातात घेऊन वजन पाहिलं, मग उलटी करून बूड पाहिलं. करपलेलं नव्हतं. “सुरी आण,” म्हणाली. पोळीला सुरी लागते, हे तिला मुळीच पटलेलं नव्हतं.

सुरी घातल्यावर वरचं आवरण करकरलं आणि पापुद्रे ताटलीत सांडले. आत पिवळसर, घट्ट, सुरीच्या पात्याला न चिकटणारं पुरण. त्यात चारोळ्या, बदामाचे काप आणि कोहळ्याच्या मुरंब्याचे पारदर्शक तुकडे. वास आधी गुलाबाचा, मागून वेलची-जायफळाचा. पहिला घास मला थोडा निराश करून गेला. पुरणपोळी तोंडात विरघळते. ही विरघळत नाही, चावावी लागते. गोडीही वेगळी. गुळाची गोडी खोल आणि किंचित खारट असते, इथे साखरेची सरळ, स्वच्छ गोडी होती. दुसरा घास चहाबरोबर घेतला आणि कोडं सुटलं. पुरणपोळीबरोबर आपण तूप, दूध किंवा कटाची आमटी घेतो, कारण ती जेवणातली. ही जेवणातली नव्हे, ही चार वाजताची. कडक चहाच्या घोटाने आवरणातलं तूप सुटतं आणि मग ते दोन्ही, खुसखुशीत आणि मऊ, एकमेकांत मिसळतात.

आईने एक त्रिकोणी तुकडा संपवला, बोटाने पापुद्रे टिपले आणि निकाल दिला : “चिरोट्यात पुरण भरलंय.”

इतकं नेमकं मला दिवसभर विचार करूनही सुचलं नसतं.

*

ते किती नेमकं होतं, हे पुढच्या महिन्यात कळलं. ओळखीतल्या एक पारशी बाई अजून घरी पोरी करतात. त्यांनी एका दुपारी स्वयंपाकघरात उभं राहू दिलं.

आधी पुरण. तूरडाळ मऊ शिजवून, पाणी पूर्ण काढून, साखर घालून आटवायची. आपल्याकडे महाराष्ट्रात पुरण हरभऱ्याच्या डाळीचं. गुजरातेत जी पुरणपोळी किंवा वेढमी करतात ती बहुधा तुरीच्या डाळीची. म्हणजे पारशांनी डाळ उचलली ती गुजरातेतून. हरभऱ्याचं पुरण थोडं रवाळ राहतं. तुरीचं लोण्यासारखं गुळगुळीत होतं आणि पुरणयंत्राची फारशी गरज पडत नाही. आटलं की नाही हे पाहायला बाईंनी मधोमध लाकडी उलथनं उभं केलं. ते पडलं नाही. मी हसले. आमच्याकडेही हीच परीक्षा, एवढंच त्यांना सांगितलं. मग तूप, वेलची, जायफळ, गुलाबपाणी आणि सुका मेवा.

गूळ का नाही, हे विचारायची गरज पडली नाही, पुढे आपोआप दिसलं. गूळ हवेतला ओलावा धरून ठेवतो. तव्यावरच्या पातळ पोळीत तो ओलावा हवाच असतो, त्यानेच पोळी लुसलुशीत राहते. पण जाड आवरणात कोंडलेलं ओलं पुरण भट्टीत वाफ धरतं आणि ती वाफ आवरण फोडून बाहेर येते. साखरेचं पुरण कोरडं आटवता येतं. शिवाय ते दिवसेंदिवस टिकतं, आणि बेकरीतल्या मालाला टिकणं भागच असतं.

आता आवरण. मैदा तुपाचं मोहन घालून मळलेला. त्याची पोळी लाटून तिच्यावर बाईंनी तूप आणि तांदळाचं पीठ फेटून केलेलं पांढरं लोण्यासारखं मिश्रण हाताने सारवलं. मग गुंडाळी केली, तिला पीळ दिला, गोळा करून पुन्हा लाटलं. त्या मिश्रणाला मराठीत नाव आहे, आणि ते दिवाळीच्या आठवड्यात घरोघरी ऐकू येतं : साटा. चिरोटे आणि खाजाच्या करंज्या ज्या साट्यावर फुलतात, तोच हा. तूप एकटं असतं तर पिठात जिरून गेलं असतं. तांदळाचं पीठ त्याला धरून ठेवतं, म्हणून दोन पदरांमध्ये तुपाचा पडदा तसाच राहतो. आच लागली की पिठातल्या पाण्याची वाफ त्या पडद्यांवर अडते आणि पदर एकमेकांपासून सुटतात. चिरोट्यात हे काम कढईतलं तूप करतं, इथे भट्टी.

लाटलेल्या पारीत मुठीएवढा पुरणाचा गोळा ठेवून, मोदकासारखं तोंड बंद करून, तळहाताने हलके दाबून चकती केली. लाटणं पुन्हा लागलं नाही. इथे पुरणपोळीची वाट वेगळी होते. आपली कणीक सैल मळून तेल-पाण्यात मुरवतात ती याचसाठी, की ती ताणली जाऊन कागदाएवढी पातळ व्हावी. तवा एकाच बाजूने, टेकून भाजतो. त्याच्यावर जाड पदार्थ टाकला तर बाहेर करपेल आणि आत कच्चा राहील. भट्टी मात्र वरून, खालून, चहूकडून शांतपणे तापवते, म्हणून तिला दीड बोटाची पोरी चालते. ओव्हन नसलेल्या पारशी घरांत जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर, तूप सोडत सोडत ती भाजतात. वेळ लागतो आणि पदर कमी सुटतात, पण होते.

एवढं पाहून झाल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट उरली. पुरण आपलं, साटा आपला, वेलची-जायफळ आपलं. नावही आपलं, फक्त ‘ळ’ काढलेला. मग आपल्या स्वयंपाकघरात ही पोळी भट्टीपर्यंत का पोचली नाही?

*

पारशांची भट्टी कुठून आली, याची एक सुरती गोष्ट आहे. सतराव्या शतकाच्या आरंभापासून सुरतेत डचांची वखार होती. त्यांना रोजचा पाव हवा होता आणि तो भाजायला त्यांनी पारशी माणसं ठेवली. त्या काळी जातपात मानणाऱ्या हिंदूने किंवा खाण्यापिण्याचा काटेकोर विचार करणाऱ्या जैनाने हे काम करणं शक्य नव्हतं; पारशांना तसा अडसर नव्हता. ताडीने फुगवलेला पाव व्हायचा. १८२४ मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहानंतर डचांनी सुरत सोडली, भट्ट्या मागे राहिल्या. सुरतेची दोतीवाला बेकरी आपलं मूळ इथवर नेते आणि आपली स्थापना १८६१ ची सांगते. तिथली घरची कथा अशी, की गिऱ्हाईक गेल्यावर न खपलेला पाव भट्टीतच वाळवून विकला जाऊ लागला. ताडीमुळे तो लवकर बुरसत नसे. आजाऱ्याला पचायला हलका म्हणून लोक तो नेऊ लागले आणि त्यातून सुरतेची कोरडी बिस्किटं जन्मली. नानकटाईचं श्रेयही सुरत याच भट्ट्यांना देते.

पारशांविषयी लिहायचं म्हटलं की दुधात साखरेची गोष्ट यावीच लागते. संजाणच्या राण्याने दुधाने काठोकाठ भरलेला पेला पाठवला आणि पारशांनी त्यात साखर विरघळवून परत केला, ती. गोड गोष्ट आहे, पण पारशांच्या आगमनाची कहाणी सांगणाऱ्या आणि १६०० च्या सुमारास नवसारीत बहमन कैकोबाद यांनी लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात ती नाही. ती तोंडोतोंडी आलेली आहे. माझ्या मते पारशी इथे कसे मिसळले याचा जास्त भरवशाचा पुरावा ही पोरी आहे. दुधात साखर विरघळते आणि दिसेनाशी होते. पोरीत मात्र प्रत्येक वस्तू ओळखू येते. तूरडाळ गुजरातेची, गुलाबपाणी इराणच्या आठवणीचं, भट्टी युरोपियनांच्या पोटासाठी बांधलेली. विरघळलं काहीच नाही, एकत्र भाजलं गेलं.

इथे एक गल्लत मराठी वाचक हमखास करतो, मीही करत होते. इराणी आणि पारशी एक नव्हेत. पारशी शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले. आपल्या ओळखीचे इराणी हॉटेलवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, मुख्यतः यझ्द आणि केरमानकडून मुंबई-पुण्यात आले. ब्रुन मस्का आणि पाणीकम चाय त्यांचं. दारनी पोरी पारशांची. म्हणून ती इराण्याच्या संगमरवरी टेबलावर सहसा मिळत नाही. ती मिळते पारशी वस्तीतल्या बेकरीत, एखाद्या घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बाईकडे, किंवा गरजू पारशी स्त्रियांना काम मिळावं म्हणून उभ्या राहिलेल्या ह्यूजेस रोडच्या रतन टाटा इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी.

*

आता आपल्याकडची बाजू. माझी आजी पावाला शिवत नसे. पाव पायाने तुडवून मळतात, म्हणून त्याला पाव म्हणतात, असं ती ठामपणे सांगायची. शब्द पोर्तुगीजांचा, पण त्या व्युत्पत्तीत तिची सगळी शिसारी मावलेली होती. वसई आणि गोव्याकडे विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांत खरं किती आणि रचलेलं किती हा वेगळा विषय, पण भीती खरी होती. भट्टीतला पदार्थ म्हणजे दुसऱ्याच्या हाताचं, दुसऱ्याच्या पाण्याचं, कदाचित ताडीचं खाणं.

म्हणूनच १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली, तेव्हा तिच्या गुप्त दीक्षेत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणं हा विधी होता. जात मोडायची तर कुठून सुरुवात करायची, हे त्यांना बरोबर कळलं होतं. पुढे सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली.

चाळीस वर्षांनंतरही परिस्थिती फार बदलली नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी होती. कुणी घेतलं, कुणी नुसता हात लावला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. रानड्यांनीही १८९२ मध्ये ते घेतलं, आणि त्यांच्याच बाजूची माणसं त्यावरून नाराज झाली. एक कप चहा आणि एका बिस्किटाची ही किंमत होती. अशा गावात पुरणाचा गोळा भट्टीत कोण घालणार?

भाजण्याची कला मात्र आपल्याला अजिबात नव्हती असं नाही. कायस्थ प्रभूंकडचं निनावं पाहा. डाळीचं पीठ, गूळ, नारळाचं दूध आटवून थापायचं आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. झाकणावर निखारे म्हणजे घरचीच भट्टी. हात होता, युक्ती होती. अडसर मनाचा होता.

पूर्वग्रह सगळ्यांचे सारखे नव्हते, हेही सांगायला हवं. कामगार वस्तीत पाव केव्हाच रुळला. गिरणीच्या पाळीवर जाणाऱ्याला सकाळी पोळी लाटून कोण देणार? आज वडापावाला आपण महाराष्ट्राचा पदार्थ म्हणतो आणि त्यातला अर्धा भाग पोर्तुगीज शब्दाचा आहे हे कुणाला आठवतही नाही. पाव आपला झाला, खारी आपली झाली, नानकटाई तर दिवाळीच्या फराळात जाऊन बसली. तिच्यासाठी आई बेकरीवाल्याकडे डबे भरून पीठ-तूप-साखर पाठवायची आणि संध्याकाळी ट्रे घेऊन यायला आम्हा मुलांना धाडायची. म्हणजे भट्टीशी आमचं भांडण केव्हाच मिटलं होतं. फक्त पुरणाला तिथे न्यायचं कुणाला सुचलं नाही, आणि ज्यांना सुचलं त्यांच्या पाटीकडे आम्ही पाहिलं नाही.

*

२०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ पारशी नोंदले गेले. २००१ मध्ये ते ६९,६०१ होते. एवढ्याशा समाजात रोज पोरी भाजून ठेवणं कुठल्याही बेकरीला परवडत नाही. ‘ऑर्डरप्रमाणे’ या शब्दाचा अर्थ तो आहे. साटा लावणं, पीळ देणं, पुरण आटवणं ही तासांची कामं. खारीला यंत्र मिळालं, पोरीला नाही. गिऱ्हाईक वाढलं तर ती टिकेल. पारशीच गिऱ्हाईक हवं असा तिचा आग्रह नाही.

आईचा अंतिम निकाल सांगते, कारण घरात तोच चालतो. पुरणपोळीची बरोबरी ती करत नाही, आणि करायला आलेलीही नाही. होळीला पुरणपोळीच. पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चकली-शेव खाऊन तोंड आलेलं असताना, दुपारच्या चहाला चिरोट्याऐवजी पोरीचा तुकडा चालेल. यंदा आमच्या फराळाच्या ताटात ती असेल. आईला कृती हवी आहे, पण तिला साखरेऐवजी गूळ घालायचाय, आणि कुणी काही सांगितलं तरी ती ऐकणार नाही. पहिली पोरी भट्टीत फुटेल, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

तुम्हाला खायची असेल तर एवढंच करा. आदल्या दिवशी सांगा. आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, पदर ओलसर होतात. खायच्या वेळी जाड तव्यावर, तूप न घालता, झाकून, अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, एकदा उलटा. सुरीने आठ तुकडे करा, एका माणसाला एक पुरतो. चहा कडक हवा. आणि दुकानात मागताना ‘दारनी पोरी’च म्हणा. ‘डाळीची पोळी’ म्हटलंत तरी त्यांना कळेल, पण मग तुम्ही तिच्या नावातला तो हरवलेला ‘ळ’ परत घातल्यासारखं होईल, आणि तिला त्याची गरज नाही.